झोन आला, पुढे काय?

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एक गृहस्थ आमच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात आले. साठीच्या पुढचे, डोक्याला टोपी, उजव्या पायाला मळकं बँडेज. पिशवीतून त्यांनी घडी घातलेलं वर्तमानपत्राचं कात्रण काढलं आणि माझ्या टेबलावर सरळ करून ठेवलं. बातमी आमच्याच कॉलेजची होती. एमएस्सीच्या आमच्या मुलींनी दगडी पाल्याच्या अर्कावर प्रकल्प केला होता, त्याला एका स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं, आणि मथळा असा होता की जखमेतल्या घातक जंतूंवर रानपाल्याचं औषध सापडलं.

"बाई, ते औषध मिळंल का थोडं? बाटली आणलीय मी," ते म्हणाले.

पिशवीत खरोखरच धुऊन पुसलेली काचेची बाटली होती.

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, साखर किती आहे ते विचारलं. त्यांना आकडा माहीत होता, पण तो वर्षभरापूर्वीचा. बँडेज मी सोडलं नाही. खोलीत आलेला वास पुरेसा होता. आमच्या फ्रीजमध्ये जी बाटली होती तिच्यात मिथेनॉलने काढलेला, आटवलेला आणि डीएमएसओ नावाच्या द्रावकात पुन्हा विरघळवलेला काळपट हिरवा अर्क होता. माणसाच्या जखमेवर लावायची ती वस्तू नाही. हे त्यांना जमेल तसं समजावलं आणि लॅब अटेंडंटला सोबत देऊन त्यांना सरकारी दवाखान्यात पाठवलं. दारातून वळून ते म्हणाले, "मग पेपरात कसं आलं?"

त्या दिवशी मी त्यांना नीट उत्तर दिलं नाही. ते देणं माझ्याकडे बाकी आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या मुलींनी केलेला प्रयोग महाराष्ट्रात नवा नाही. वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, बायोटेक किंवा फार्मसी यांपैकी एखादा विभाग असलेल्या कॉलेजात गेलात तर जुन्या प्रकल्पांच्या कपाटात तो सापडेलच. फक्त पान बदलतं: कडुलिंब, तुळस, अडुळसा, निर्गुडी, घाणेरी, शेवगा, पेरू. पाला आणायचा, धुवायचा, सावलीत वाळवायचा, मिक्सरमधून काढायचा. पूड सॉक्सलेट नावाच्या काचेच्या अर्क काढायच्या उपकरणाला लावायची. खालच्या चंबूत मिथेनॉल उकळतं, वाफ वर जाऊन थंड होते, पाल्यावर थेंब थेंब पडत राहते, आणि वरचं भांडं भरलं की हिरवा द्रव सायफनमधून घळकन खाली उतरतो. मुली ते बघत उभ्या राहतात. मलाही वीस वर्षांनंतर ते बघावंसं वाटतं. मग परीक्षानळ्या. मेयरचा अभिकर्मक घालून साका आला तर अल्कलॉइड, फेरिक क्लोराइडने काळसर रंग आला तर टॅनिन, पाण्यात हलवून फेस टिकला तर सॅपोनिन. वहीत अधिक आणि उणे. शेवटी अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या प्लेटवर स्टॅफिलोकोकस ऑरियस किंवा ई. कोलाय हा जंतू कापसाच्या बोळ्याने पसरायचा, अगारमध्ये छोटे गोल खड्डे पाडायचे, त्यांत अर्क सोडायचा आणि प्लेट रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवायची. सकाळी खड्ड्याभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसलं की हाक येते: "मॅडम, झोन आला!"

त्या हाकेतला आनंद खरा असतो आणि तो मला कमी करायचा नाही. पण तो झोन म्हणजे काय हे आपण त्या मुलीला सांगत नाही. तिच्या वतीने समाजाला तर मुळीच सांगत नाही.

आमच्या दगडी पाल्याचंच गणित मांडते. अर्काचं प्रमाण होतं मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम. प्रत्येक खड्ड्यात 100 मायक्रोलिटर, म्हणजे 10 मिलिग्रॅम अर्क, मोहरीच्या चार-पाच दाण्यांच्या वजनाएवढा. झोन आला 14 मिलिमीटर. त्याच प्लेटवर तुलनेसाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाची बाजारात मिळणारी चकती ठेवली होती, तिच्यात औषध असतं 5 मायक्रोग्रॅम. तिचा झोन आला 26 मिलिमीटर. म्हणजे दोन हजार पट जास्त माल ओतून आम्हाला निम्म्याच्या आसपास वर्तुळ मिळालं, आणि निष्कर्षात लिहिलं होतं: 'अर्काने लक्षणीय प्रतिजैविक क्रिया दाखवली.' वाक्य मुलींनी लिहिलं होतं, पण सही माझी होती.

मुलींनी पुढे जाऊन जंतूंची वाढ थांबवणारं किमान प्रमाणही काढलं होतं, ते आलं मिलिलिटरला साडेबारा मिलिग्रॅम. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. नुसत्या रक्तात हे प्रमाण गाठायचं तर साडेबासष्ट ग्रॅम अर्क थेट रक्तात जायला हवा. आम्हाला 100 ग्रॅम पुडीतून 10 ग्रॅम अर्क मिळाला होता. म्हणजे सव्वासहाशे ग्रॅम वाळलेली पूड, आणि ताजा पाला अडीच किलोच्या घरात. एका वेळेला. शिवाय पोटातून रक्तात किती उतरतं, यकृत त्यातलं किती मोडून टाकतं, हे हिशेब अजून सुरूच झालेले नाहीत. जखमेवर वरून लावायचं म्हटलं तर हे गणित थोडं सैल होतं, पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो: एवढं दाट द्रावण जखमेतल्या जिवंत पेशींचं काय करतं? सॅपोनिनवाले अर्क जंतूंच्या आधी तांबड्या पेशी फोडू शकतात. ही साधी तपासणीही आम्ही केलेली नव्हती.

प्लेटवर तर लिंबाचा रसही झोन देतो. व्हिनेगर देतं. कडक टॅनिन असलेला कुठलाही अर्क देतो, कारण टॅनिन समोर येईल त्या प्रथिनाला धरून बसतं, मग ते जंतूचं असो की आपल्या आतड्याच्या अस्तराचं. आणि परीक्षानळीतल्या त्या अधिकच्या खुणा? फ्लेव्होनॉइड, फिनॉल ही जवळजवळ प्रत्येक हिरव्या पानात असतात. चहात असतात, कोथिंबिरीत असतात. 'या वनस्पतीत औषधी सक्रिय घटक आढळले' हे वाक्य त्यामुळे कुठल्याही पानाबद्दल लिहिता येतं. जे वाक्य कुठल्याही पानाला लागू पडतं ते या पानाबद्दल काहीच सांगत नाही.

माझं म्हणणं एवढ्यावर थांबत नाही. आकडे कच्चे आहेत ही तक्रार दुरुस्त करता येते. त्याहून मोठी चूक अशी की आपण पानाला चुकीचा प्रश्न विचारतो आहोत. प्लेटला एकच प्रश्न कळतो: हे जंतू मारतं का? आणि प्लेट स्वस्तात मिळते म्हणून आपण प्रत्येक पानाला तोच प्रश्न विचारतो, मग पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या पानाबद्दल काहीही सांगत असोत.

अडुळसा घ्या. परसात अडुळसा असलेलं घर आपल्याकडे दुर्मिळ नाही. तो कशासाठी? खोकल्यासाठी, दम्यासाठी, कफ सुटण्यासाठी. आयुर्वेदातही वासा, म्हणजे अडुळसा, सांगितली आहे ती कास (खोकला), श्वास (दमा) आणि रक्तपित्तावर (अंगातून रक्त जाण्याच्या विकारावर). अडुळसा जंतू मारतो असं माझी आजी कधी म्हणाली नाही; 'कफ मोकळा होतो' म्हणाली. आणि जगाला अडुळशातून जे मिळालं ते नेमकं तिच्या वाक्याच्या दिशेने मिळालं. पानातल्या व्हॅसिसिन या अल्कलॉइडच्या रचनेवरून 1960च्या दशकात ब्रोमहेक्सिन तयार झालं, त्यातून पुढे अँब्रॉक्सॉल. आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांच्या लेबलवर ही दोन नावं असतात. दोन्ही औषधं जंतू मारणारी म्हणून वापरात आली नाहीत. ती चिकट कफ पातळ करतात. अडुळशाच्या अर्काचा झोन मोजत बसलेल्या प्रयोगशाळेला हे शंभर वर्षांतही सापडलं नसतं. याच व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून गरोदरपणी अडुळसा देऊ नये, हेही प्रयोगांतूनच पक्कं झालं. 'पाला आहे, अपाय काय होणार' म्हणणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं.

अर्क कसा काढायचा, हाही प्रश्नाचाच भाग आहे. अडुळशाचं पान कुटून सहजी रस सुटत नाही. म्हणून वैद्यकात त्याला पुटपाक सांगितला: पानं वाटून गोळा करायचा, वडाच्या किंवा जांभळाच्या पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा लेप द्यायचा, निखाऱ्यात भाजायचा आणि मग पिळायचा. घरी आम्ही पानं तव्यावर गरम करून पिळत असू, तो त्याचाच सोपा प्रकार. स्वरस (ताजा रस) वेगळा, कल्क (वाटलेला गोळा) वेगळा, काढा वेगळा, हिम (गार पाण्यात भिजवलेला) वेगळा, फांट (गरम पाण्यात भिजवलेला) वेगळा, हा भेद आपल्याकडच्या औषधशास्त्राने जपला. प्रयोगशाळेत मात्र आपण सगळी पानं वाळवतो आणि मिथेनॉलमध्ये आठ तास उकळतो. अडुळसा नुसता वाळला तरी व्हॅसिसिनचा काही भाग हवेतल्या ऑक्सिजनने व्हॅसिसिनोनमध्ये बदलतो. म्हणजे आजीने दिलेलं औषध आणि आम्ही तपासलेलं औषध एक नव्हेच.

चीनमधल्या औषधसंशोधक तू यूयू यांच्या बाबतीत सगळं फिरलं ते याच मुद्द्यावर. 1967 साली हिवतापावर औषध शोधण्याचा सरकारी प्रकल्प तिथे सुरू झाला होता. यूयू यांच्या गटाने जुन्या ग्रंथांतल्या औषधांचे दोन हजारांच्या आसपास पाठ गोळा केले, शेकडो अर्क उंदरांवर तपासले. छिंगहाव नावाच्या दवण्याच्या जातीतल्या झुडपाचे निकाल कधी बरे येत, कधी मुळीच येत नसत. चौथ्या शतकातल्या गे हाँग यांच्या ग्रंथात मग त्यांना एक ओळ सापडली: मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवून, पिळून, रस प्यावा. उकळण्याचा उल्लेख नाही. त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर घेतलं आणि ऑक्टोबर 1971मध्ये 191 क्रमांकाच्या नमुन्याने उंदरातले हिवतापाचे परजीवी पूर्ण नाहीसे केले. पुढे सुरक्षितता पाहायला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अर्क आधी स्वतः घेतला. त्यातून आर्टेमिसिनिन आलं, लाखो जीव वाचले, 2015 साली नोबेल मिळालं. आपल्याकडे ही गोष्ट 'जुन्या ज्ञानाचा विजय' म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण त्याआधीच्या नापास निकालांची नोंद त्यांनी ठेवली, आणि अर्क उंदरात काय करतो हे पाहिलं, हाही त्या गोष्टीचा तेवढाच भाग आहे.

दूर जायलाही नको. मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, रक्तदाब मोजून, 1949 साली ब्रिटनमधल्या हृदयरोगाच्या नियतकालिकात आपले निष्कर्ष छापले. तीन वर्षांत त्या मुळीतून रिसर्पिन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य वेगळं झालं. भारतात सर्पगंधा आधीपासून वापरात होती, तिच्यावर रासायनिक कामही झालं होतं. वकिलांनी विचारलेला प्रश्न मात्र थेट होता: माझ्यासमोरच्या माणसाचा रक्तदाब उतरतो का, किती उतरतो, त्रास काय होतो?

आपल्याकडे याऐवजी अभिमानावर काम भागवलं जातं. हळदीचं पेटंट हे त्याचं ठरलेलं उदाहरण. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेत 1995 साली पेटंट दिलं गेलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने ते 1997मध्ये रद्द करून घेतलं. लढाई मोठी होती, ती लढणाऱ्यांचं ऋण आहेच. पण त्या निकालाने सिद्ध काय झालं? एवढंच की हा वापर आपल्याला आधीपासून माहीत होता. हळदीने कुठली जखम किती भरते, हे त्या कार्यालयाने तपासलं नव्हतं, ते त्याचं कामच नव्हतं. हळदीतल्या कुर्क्युमिनवर त्यानंतर जगभर कामाचा पूर आला. 2017 साली औषधरसायनाच्या तज्ज्ञांनी त्याचा आढावा घेतला तेव्हा 120हून अधिक चाचण्या होऊनही एकही काटेकोर, दुहेरी अंध चाचणी (खरं औषध कुणाला मिळतंय हे रुग्णाला आणि डॉक्टरलाही माहीत नसतं अशी) यशस्वी ठरलेली त्यांना दिसली नाही. हा रेणू शरीरात टिकत नाही आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना हुलकावणी देतो, म्हणजे नसलेला परिणाम दाखवतो, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. एवढ्या जगप्रसिद्ध रेणूची ही गत असेल, तर आमच्या 14 मिलिमीटरच्या झोनवरून मथळा करायचा अधिकार कुणाला आहे?

मग हे थांबत का नाही? मुली आळशी नाहीत, शिक्षकही बेइमान नाहीत. मोजमापच असं लावलंय की पहिली पायरी चढली की गुण मिळतात, दुसरी चढली तर जास्तीचे मिळत नाहीत. 2010पासून प्राध्यापकांच्या बढतीत शोधनिबंधांची संख्या मोजली जाऊ लागली. पीएचडीचा प्रबंध देण्याआधी निबंध प्रसिद्ध करणं 2009च्या नियमांत सक्तीचं झालं, 2016च्या नियमांतही ते राहिलं. 2022मध्ये ती सक्ती गेली, सवय गेली नाही. माझा या विषयावरचा पहिला निबंध एका जर्नलने चार दिवसांत स्वीकारला. परीक्षकाचा एकही प्रश्न आला नाही, पैसे भरल्याची पावती तेवढी आली. मी तो निबंध बढतीच्या अर्जात लावला. तेव्हा माझ्यासारखे किती असतील याची कल्पना नव्हती. 2018 साली पुण्यातल्या अभ्यासकांनी, डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी, यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, मान्य यादीतली विद्यापीठांनी सुचवलेली 1009 जर्नलं तपासली, तेव्हा 88 टक्क्यांहून अधिक कमअस्सल निघाली. त्या वर्षी यादीतून चार हजारांवर नावं काढली गेली. नंतर नवी यादी आली, 2025मध्ये तीही रद्द झाली. याद्या येतात आणि जातात. कपाटातले झोन वाढत राहतात.

यात नुकसान काय, असं मला विचारलं जातं. मुलं शिकतात, कुणाचं बिघडतं? बिघडतं. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे 2019 या एका वर्षात जगात पावणेतेरा लाखांच्या आसपास माणसं थेट दगावली, असा अंदाज आहे. नव्या औषधांची गरज खरी आहे, आणि सह्याद्रीएवढी वनस्पतींची श्रीमंती फार थोड्या प्रदेशांकडे आहे. त्या श्रीमंतीच्या पायथ्याशी बसून आपण हजारो तरुण हात एकाच पहिल्या पायरीवर झिजवतो. आणि दुसरीकडे बाटली घेऊन येणारी माणसं आहेत.

बाटलीत नेमकं कोणतं पान आहे, हेही अनेकदा कुणी पाहिलेलं नसतं. ब्राह्मी म्हणून दोन अगदी वेगळ्या वनस्पती चालतात. अशोकाच्या नावाखाली शाळेच्या कुंपणाला उभा असलेला उंच खोटा अशोक खपतो. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 साली मांडलं, तेव्हा आयुष मंत्रालयाचा पहिला आक्षेप हाच होता की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, ती गुळवेलीची दुसरी जात असू शकते. आक्षेप तत्त्व म्हणून बरोबर होता. तोच नियम 'गुणकारी' निकालांनाही लावा ना. फुलाफळासह फांदी दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून हर्बेरियममध्ये जमा केली नसेल तर तो प्रयोग कुठल्या वनस्पतीवर झाला हे कुणालाही नंतर तपासता येत नाही. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, आघारकर संस्था आहे, मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम आहे. दारात विहीर आणि आपण तहानलेले.

एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो, कारण तो घेणारे माझे वैद्य मित्र आहेत. ते म्हणतात, तुम्ही एकेक रेणू सुटा करून बघता. आमचं औषध अख्ख्या पानाचं असतं, सुटं केलं की गुण जातो. यात तथ्य आहे, आणि त्याचा सुंदर पुरावा दारुहळदीच्या कुळात मिळाला. त्या झुडपांत बर्बेरिन असतं. ते जंतूंवर चालायला हवं, पण स्टॅफिलोकोकस ते आत आल्या आल्या पंपाने बाहेर फेकतो. 2000 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की त्याच वनस्पतीत दुसरा एक रेणू आहे. तो स्वतः जंतूला काहीच करत नाही, पण तो पंप बंद पाडतो, आणि मग बर्बेरिन आपलं काम करतं. सुटे तपासले असते तर दुसऱ्या रेणूसमोर वहीत 'उणे' लिहून आपण तो फेकून दिला असता. म्हणून मी मित्रांना म्हणते, अख्खं पान तपासूया, जरूर. पण एकत्र काम कसं होतं हे दाखवायला तर जास्त काटेकोर मोजणी लागते. 'सगळं मिळून गुण येतो' हे वाक्य तपासणीची सुरुवात आहे, तिच्यातून सुटका नाही.

दुसरा आक्षेप साधनांचा. तालुक्याच्या कॉलेजात एनएमआरसारखं रेणूची रचना दाखवणारं महागडं यंत्र कुठून आणायचं? आणू नका. 96 खड्ड्यांची प्लास्टिकची प्लेट आणि रिसाझुरिन नावाचा निळा रंग एवढ्यावर पुष्कळ होतं. अर्क निम्मा-निम्मा पातळ करत जायचा, प्रत्येक खड्ड्यात जंतू टाकायचे, सकाळी रंग घालायचा. जंतू जिवंत असतील तर निळ्याचा गुलाबी होतो. मिलिलिटरला 100 मायक्रोग्रॅमच्या आत खड्डा निळा राहिला तर त्या अर्काकडे पुन्हा बघायचं. मिलिग्रॅममध्येच अडकला तर तसं लिहून मोकळं व्हायचं. त्याच प्लेटवर जुनं प्रतिजैविक आणि अर्क एकत्र घालून बघता येतं, नुसत्या डीएमएसओची रांग ठेवता येते. शेजारी रक्तपेशी फुटतात का, ही तपासणी. यातलं काहीही आमच्यासारख्या विभागाला न परवडणारं नाही.

विद्यापीठाने करायचं ते वेगळं. एका विद्यापीठाखालच्या आठ-दहा कॉलेजांनी मिळून पाच वर्षं एकच वनस्पती घ्यावी: कुणी ओळख आणि ऋतू, कुणी अर्क, कुणी जंतू, कुणी विषारीपणा. अर्क एका ठिकाणी जपावेत. नापास निकालांना पास निकालांएवढेच गुण द्यावेत, नाहीतर पुढच्या वर्षी तेच पान तीच मुलगी वेगळ्या कॉलेजात उकळत बसेल. जनावरात नाही, पेशींत नाही, नुसत्या प्लेटवर दिसलेल्या गोष्टीची बातमी कॉलेजने वर्तमानपत्राला देऊ नये. आणि ज्या गावाकडून माहिती घेतली, त्या गावाच्या जैवविविधता समितीला ती परत मिळावी. अशा माहितीच्या लाभात वाटा देण्याची तरतूद 2002च्या जैवविविधता कायद्यात आहे. नरक्या या झाडाचं काय झालं ते सह्याद्रीने पाहिलं आहे. त्याच्यात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरच्या औषधांचं मूळ द्रव्य आहे हे कळल्यावर झाडं तुटून बाहेर गेली, आणि ज्यांच्या डोंगरावर ती होती त्यांच्या हाती काही लागलं नाही.

त्या गृहस्थांची दोन बोटं काढावी लागली, पाऊल वाचलं. गेल्या पावसाळ्यात मी दोन मुलींना घेऊन त्यांच्या गावी गेले. ओसरीवर बसून त्यांनी मुलींना तासभर सांगितलं: कुठला पाला कशाला, कधी तोडायचा, कुणी तोडायचा. दगडी पाल्याचं नाव निघालं तसं ते म्हणाले, "तो ताज्या जखमंला. विळा लागला, रगत थांबंना, की चोळून पिळायचा. पिकलेल्या जखमंला आमच्या आईनं कधी बांधू दिला न्हाई."

"मग तुम्ही आमच्याकडे तो मागायला कसे आलात?" मुलीने विचारलं.

"तुम्ही शिकलेली माणसं. म्हटलं आईपरास तुमास्नी जास्त ठावं असंल."

मुलीने ते शब्द जसेच्या तसे वहीत उतरवले. या जूनपासून दोघी त्या पाल्याच्या ताज्या रसाने रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजताहेत. पाला त्या गृहस्थांच्याच बांधावरचा आहे. फुलांसह दाबलेली फांदी पुण्याला हर्बेरियमकडे पाठवली आहे, तिचा क्रमांक अजून यायचा आहे.